मांडवी-झुआरीतली बार्ज वाहतूक: टनामागचा पैसा नेमका जातो कुठे?

घाटमाथा

२०१८ च्या मार्चपासून गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद होत्या. २०२४ मध्ये लिलावात गेलेल्या पहिल्या गटाचं काम सुरू झालं, नदीतल्या बार्जेस (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) वाढल्या आणि जुनं वाक्य परत कानावर यायला लागलं: 'नदीची वाहतूक सगळ्यांत स्वस्त.' किलोमीटरमागे बघाल तर खरंच आहे. पण खनिज नदीकाठी उगवत नाही आणि जहाज नदीत शिरत नाही. खाण, टिपर, काठावरचा प्लॉट, जेटी, बार्ज, मग मुरगावचा धक्का किंवा समुद्रात उभं असलेलं ट्रान्सशिपर (बार्जेतला माल उचलून मोठ्या जहाजात भरणारं जहाज), आणि शेवटी मोठं जहाज अशी साखळी आहे. त्यात पाण्यावरचे जेमतेम ४० किमी.

नकाशा डोळ्यासमोर नसलेल्यांसाठी: २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात १११ जलमार्ग ठरवले. त्यात मांडवी ६८ वा, झुआरी १११ वा आणि दोघींना जोडणारा १७ किमीचा कुंभारजुवे कालवा २७ वा. मुरगाव बंदर झुआरीच्या मुखाशी. उत्तरेकडचा माल सारमानस, आमोणे या बाजूच्या जेटींवरून मांडवीत उतरतो, दक्षिणेकडचा सावर्डे-काप्शेंकडून झुआरीत.

प्रश्न असा की या साखळीत पैसा कुठे खर्च होतो आणि कुठे वाया जातो? आणि खनिज वजा केलं तर या नद्यांना दुसरा माल आहे का? जाणकारांनी लिहावं. राजकारणाला दुसरे धागे आहेत.

टनभाडे

चांगला विषय. एका जहाजाचा हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण वास्तवातलं.

७०,००० टनांचं जहाज, करारात भरण्याचा वेग रोज १०,००० टन. म्हणजे भरायला मिळालेली मुदत ७ दिवस. दोन हजार टनी बार्ज धरली तर जहाजाला ३५ खेपा, रोज ५. एका बार्जेचं चक्र असं: जेटीवर भरायला ४-५ तास, खाली यायला ३ ते ४, धक्क्यावर किंवा ट्रान्सशिपरपाशी नंबर लागेपर्यंत थांबणं, खाली करायला ३-४, रिकामी वर जायला ३. मध्ये भरतीची वाट पाहणं आहेच. सगळं धरून दिवसाला एक खेप. तेव्हा ५ बार्जेस पुरतात, सहावी राखीव.

आता टिपर बघा. एका टिपरमध्ये १० टन. रोजच्या १०,००० टनांना १,००० खेपा. टिपर दिवसात ४-५ फेऱ्या मारतो असं धरलं तर २०० ते २५० टिपर. सहा बार्जेस विरुद्ध अडीचशे टिपर! डिझेल, टायर, ड्रायव्हर, रस्त्याची डागडुजी आणि दर हंगामाच्या तोंडावर दरावरून होणारी ओढाताण, सगळं त्या पहिल्या १०-१५ किलोमीटरमध्ये. नदी स्वस्त आहे, पण नदीपर्यंत पोचणं महाग आहे.

दुसरी गोष्ट उचली. खाणीवर लोडर भरतो, प्लॉटवर टिपर उलटतो, पुन्हा लोडर उचलतो, पट्टा किंवा शूट (उतरती घसरण) बार्जेत टाकतो, बंदरात ग्रॅब काढतो, मालयार्डात ढीग लागतो, तिथून रिक्लेमर (ढीग उपसणारं यंत्र) उचलून जहाजात. प्रत्येक उचलीला भाडं आहे, थोडी गळ आहे आणि ढेकळं फुटून भुगा वाढतो तो वेगळाच.

तिसरी, डेमरेज, म्हणजे जहाज अडकवल्याचा दंड. जहाजाने 'मी तयार आहे' अशी सूचना दिली की करारातल्या अटीप्रमाणे मुदतीचं घड्याळ सुरू होतं. सात दिवसांत भरून झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचा दंड. लवकर भरलंत तर बक्षीस, तेही बहुधा दंडाच्या निम्म्या दराने. एकदा डेमरेज लागलं की पाऊस आणि सुट्ट्या यांची सूट सहसा मिळत नाही. अख्ख्या हंगामात बार्जभाड्यात केलेली बचत अशा तीन दिवसांत पुसली जाते.

सुकती

@टनभाडे, 'भरतीची वाट पाहणं आहेच' म्हणून पुढे गेलात. सगळी मेख तिथेच आहे.

७० मीटर लांब, १४ मीटर रुंद अशी बार्ज घ्या. पाण्याला टेकलेल्या भागाचा हिशेब केला तर गोड्या पाण्यात १ सेंमी बुडायला साधारण ९ टन माल लागतो. वाटेतल्या सगळ्यांत उथळ जागी नकाशातली खोली १.८ मी. आहे असं धरू. उधाणाच्या दिवशी भरती १.९ मी. चढली तर एकूण ३.७ मी. तळाखाली अर्धा मीटर मोकळा ठेवला की बार्ज ३.२ मीटरपर्यंत बुडवता येते. भांगाच्या दिवशी (भरती सगळ्यांत बुटकी असते तेव्हा) भरती १.४ मी. तर तीच बार्ज २.७ मीटरपर्यंत. अर्ध्या मीटरचे झाले ४५० टन. म्हणजे २,१०० टन नेणारी बार्ज भांगाला १,६५० नेते. डिझेल तेच, खलाशी तेच, जेटीवरचा वेळ थोडा कमी. टनामागचा खर्च पंचांगाने ठरतो, आणि तो दर पंधरवड्याला वरखाली होतो.

अडचण अशी की भरती मुरगावला आधी येते आणि नदीत वर उशिरा पोचते. भरलेली बार्ज वरच्या जेटीवरून तिथल्या ऐन भरतीला सुटली तर ती खालच्या उथळ्यावर येईपर्यंत तिथे सुकती (ओहोटी) चांगलीच लागलेली असते. म्हणून जाणता सारंग (बार्जेचा कप्तान) जेटीवरची भरती पुरी होण्याआधी सुटतो. थोडा वेळ प्रवाहाविरुद्ध जातो, जास्त डिझेल जाळतो, पण उथळ्यावर पाणी चढतं असतानाच पोचतो. चढत्या पाण्यात टेकलात तर तासाभरात सुटता. उतरत्या पाण्यात टेकलात तर पुढची भरती येईपर्यंत बारा तास. आणि उधाण ओसरत असताना टेकलात तर पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा बुटकी. मग दुसरी बार्ज लावून माल उतरवण्याशिवाय इलाज नाही.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही हेही नव्या लोकांना सांगावं लागतं. एकूण चढीचे बारा भाग करा: पहिल्या तासाला १, मग २, ३, ३, २ आणि शेवटी पुन्हा १. मधले दोन तास अर्धं पाणी आणतात. नदीत वर जाल तशी चढती लहान आणि उतरती लांब होते, तेव्हा तिथे हे गणित तितकं चालत नाही. मुरगावच्या तक्त्यावरून सावर्ड्याचा अंदाज घड्याळ लावून बांधू नये.

उथळ जागी वेग कमी का करायचा? तळाखालून पाणी जोरात वाहतं, दाब पडतो आणि बार्ज आणखी बुडते. हे बुडणं वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग निम्मा केला तर ते चौथाई होतं. घाई करणारा रुततो तो असा.

चिंचोळी

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: पावसाळ्यात हे सगळं बंद का असतं? तेव्हा तर नदीला पाणी जास्त.

सुकती

नदीला पाणी जास्त, पण मांडवीच्या तोंडाशी आग्वादला वाळूचा दांडा आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यात त्यावर लाटा फुटतात, आणि उथळ पाण्यात उसळणाऱ्या सपाट तळाच्या बार्जेला तिथे काम नाही. तो मार्ग जून ते सप्टेंबर बंद. मांडवीतून मुरगावला जायचंच असेल तर कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत उतरायचं. कालवा अरुंद, वळणं आखूड, गाळ भरलेला. समोरून भरलेली बार्ज येत असेल तर रिकामीने रुंद जागी थांबायचं. रिकामी बार्ज पाण्याबाहेर जास्त असते, त्यामुळे पुलाखालून जाताना तिची उंची बघावी लागते. भरतीला खोली मिळते आणि पुलाखालची जागा जाते, दोन्ही एकदम मिळत नाहीत. शिवाय मुरगावबाहेर उघड्या पाण्यात ट्रान्सशिपरवरची भरणी पावसात थांबतेच.

(कालव्यात मगरी आहेत. पर्यटकांना त्या मुद्दाम दाखवतात, खलाशांना तिकीट पडत नाही.)

ड्राफ्टमार्क

पावसाळ्याचं खरं कारण मालातही आहे. गोव्याचं खनिज बहुतेक भुगा, लोहाचं प्रमाण कमी, ओल धरणारं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की जहाजाच्या हेलकाव्यांनी आणि यंत्राच्या कंपनाने कणांमधलं पाणी वर येतं, वरून कोरडा दिसणारा ढीग चिखलासारखा एका बाजूला सरकतो, जहाज कलतं आणि परत सरळ होत नाही. २००९ मध्ये भारतातून भुगा घेतलेली दोन जहाजं अशीच गेली: जुलैत मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट', सप्टेंबरात पारादीपजवळ 'ब्लॅक रोझ'. महिने बघा, दोन्ही पावसाचे. त्यानंतर लोहखनिजाच्या भुग्यासाठी आंतरराष्ट्रीय संहितेत स्वतंत्र नियम आले आणि १ जानेवारी २०१७ पासून ते बंधनकारक झाले.

व्यवहारात काय करायचं: मालाची वाहतुकीयोग्य ओल-मर्यादा प्रयोगशाळेतून काढायची, ती चाचणी सहा महिन्यांच्या आतली हवी. प्रत्यक्ष ओल भरणीच्या आधी सात दिवसांच्या आत मोजलेली हवी. मधे मोठा पाऊस झाला तर ती पुन्हा मोजायची. नमुना ढिगाच्या वरच्या पापुद्र्यातून घेतलात तर उन्हाने वाळलेला भाग मिळतो आणि आकडा खोटा येतो. ढीग कापून आतून, वेगवेगळ्या उंचीवरून घ्या. ढिगाच्या पायाशी पाणी झिरपून साठतं, लोडर नेमका तिथूनच उचलतो.

बार्जेपाशी करायची सोपी परीक्षा: अर्धा ते एक लिटरचा डबा अर्धा भरायचा, कठीण जागेवर साधारण २० सेंमी उंचीवरून २५ वेळा आपटायचा, दर आपटीत एक-दोन सेकंद. वर पाणी सुटलं किंवा चकाकी आली तर माल थांबवून पुन्हा प्रयोगशाळेत. पण डबा कोरडा राहिला म्हणून माल सुरक्षित ठरत नाही. ही परीक्षा नापास करायला उपयोगी, पास करायला नाही. नेमकं हेच घाईत उलटं वापरलं जातं.

पैशाच्या बाजूने: किंमत बहुधा कोरड्या टनावर मिळते, भाडं ओल्या टनावर द्यावं लागतं. ५०,००० टन मालात ९ टक्के ओल असेल तर विकायला ४५,५०० टन, ११ टक्के असेल तर ४४,५००. हजार टन पाणी टिपर, बार्ज आणि जहाज अशा तिघांचं भाडं भरून परदेशी जातं.

टनभाडे

@ड्राफ्टमार्क, वजनाचंही लिहा ना. प्लॉटचं वजन, बार्जेचं आणि जहाजाचं कधीच जुळत नाही आणि मग भांडणं.

ड्राफ्टमार्क

जुळणारही नाही, कारण तीन ठिकाणी तीन पद्धती. टिपर काट्यावर, बार्ज आणि जहाज बुडालेल्या उंचीवरून.

जहाजाला सहा ठिकाणी खुणा वाचायच्या: पुढे, मधे, मागे, दोन्ही बाजूंना. जहाज मधे वाकलेलं असतं म्हणून साधी सरासरी चालत नाही. पुढचा आकडा, मागचा आकडा आणि मधल्याची सहापट यांची बेरीज करून ८ ने भागायचं. मग जहाजाच्या तक्त्यातून विस्थापन (जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन) काढायचं, कलाची दुरुस्ती करायची आणि पाण्याची घनता लावायची. बॅलास्ट (तोल राखायला टाक्यांत घेतलेलं पाणी), इंधन, गोडं पाणी वजा. भरणीआधी एकदा, नंतर एकदा, फरक म्हणजे माल.

घोळ बहुतेक वेळा घनतेत होतो. तक्ता १.०२५ घनतेच्या समुद्रासाठी असतो. झुआरीच्या मुखाशी नदीचं पाणी मिसळून घनता उतरते, सुकतीला जास्त. ५०,००० टन विस्थापन वाचलं आणि प्रत्यक्षात घनता १.०१५ असेल तर खरं विस्थापन ४९,५१२. एका आकड्याने ४८८ टन, पाव बार्ज! पाण्याचा नमुना पृष्ठभागावरून घेऊ नका, गोडं पाणी वर तरंगतं. बुडालेल्या भागाच्या मधल्या खोलीवरून, दोन-तीन ठिकाणचा घ्या.

बार्जेचंही तेच. वर गोड्या पाण्यात भरलेली बार्ज खाली खाऱ्या पाण्यात काही सेंमी वर येते. जेटीवरच्या आणि बंदरातल्या खुणा सरळ वजा करून 'माल चोरीला गेला' म्हणणारे महाभाग दर हंगामात भेटतात. आणि बार्जेच्या तळाशी साचलेलं पाणी उपसून मगच खुणा वाचा, नाहीतर तेही खनिज म्हणून विकलं जातं.

खाजनकार

खर्चाच्या यादीत एक ओळ कुणीच लिहिली नाही, कारण तो खर्च बार्जवाल्याच्या वहीत येत नाही. मांडवी-झुआरीच्या काठाने खाजन शेती आहे, भरतीच्या पातळीखालची. माती-दगडांचा बांध आणि पाणी सोडण्या-अडवण्याचं मानस यांवर ती उभी. बार्जेची लाट बांधाच्या पायाला लागते, आधी तळची माती निघते, दगड वरून जागेवर दिसतात, आणि एका उधाणाला बांध फुटतो. खारं पाणी आत आलं की कोरगुटासारखं खारवट जमिनीतलं भातही तग धरत नाही. मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे जावे लागतात.

उपाय अवघड नाहीत: वळणावर आणि बांधालगत वेग कमी, शक्य तिथे मधल्या खोल पात्रातून, आणि रात्री जाळी लावलेल्या टापूत दिवा नीट दिसेल असा. भरलेल्या बार्जेपेक्षा परतीची रिकामी बार्ज त्रासदायक, कारण ती जोरात पळवली जाते. बांधाच्या दुरुस्तीला टनामागे ठरावीक रक्कम धरली तर नदीचं भाडं किती स्वस्त उरतं ते टनभाडे यांनी मांडावं.

टनभाडे

मान्य. रस्त्यावर धूळ आणि खड्डे हा जसा खर्च, तसा पाण्यात बांध. दरपत्रकात दोन्ही नसतात.

बँकर

रेल्वेची बाजू. एका रेकमध्ये (पूर्ण मालगाडीत) ५८ च्या आसपास वाघिणी, साडेतीन ते चार हजार टन माल. म्हणजे दोन बार्जेस म्हणजे एक रेक. मुरगाव बंदर आणि घाटातली रेल्वे ही १८८० च्या दशकात जोडीनेच बांधली गेली, कारण घाटावरच्या मालाशिवाय बंदर चालणार नव्हतं. आजही तेच. फरक एवढा की आयात कोळसा होस्पेट भागातल्या पोलादाकडे वर चढतो. कुळे ते कॅसलरॉक चढ ३७ मीटरला १ मीटर, भरलेल्या गाडीला मागून जादा इंजिनं लावल्याशिवाय चढत नाही. रेकच्या रांगेचं कारण बंदरातल्या यंत्रांपेक्षा हा घाट. दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, तेव्हा घाट आहे तसाच राहणार असं धरून हिशेब करावा.

नदी आणि रेल्वे इथे एकमेकींच्या स्पर्धक नाहीत. नदी गोव्याच्या पोटातला माल बाहेर आणते, रेल्वे बाहेरचा माल घाटावर नेते. बंदरात दोघी भेटतात आणि मालयार्डाच्या जागेसाठी भांडतात.

घाटमाथा

मग परतीचा माल? बार्ज वर जाताना रिकामीच.

टनभाडे

हाच या नद्यांचा मूळ रोग. आमोण्याच्या कारखान्याला कोळसा बार्जेने वर येतो, तेवढा अपवाद. बाकी एकच माल, एकच दिशा. आणि तो माल कायद्याने, करांनी थांबतो: सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ ची बंदी, २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी, २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द, मे २०२२ मध्ये निर्यात शुल्क ५० टक्के, नोव्हेंबरात कमी प्रतीच्या खनिजावर शून्य. बार्ज हे अशा मालासाठीच बांधलेलं, एकाच उघड्या खणाचं यंत्र. तिच्यात सिमेंटच्या गोणी किंवा खत भरायचं तर झाकणं हवीत, धुलाई हवी, काठावर गोदाम हवं. कंटेनर तर ४० किमीसाठी कुणी तीनदा उचलणार नाही.

डिसेंबर २०२४ च्या जलवाहक योजनेत चालवण्याच्या खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत परतफेड आहे, पण ती गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या जलमार्गांवर, ३०० किमीपेक्षा लांब वाहतुकीला. इथे गैरलागू.

धरमतर

रायगडची अंबा नदी बघा, राष्ट्रीय जलमार्ग १०. धरमतर खाडीतून बार्जेस आणि लहान मालजहाजं खनिज, कोळसा थेट डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या धक्क्याला लावतात. मोठं जहाज मुंबईबाहेर नांगरून किंवा जयगडला. तिथेही भरती-ओहोटी, गाळ, पावसाळा सगळं तुमच्यासारखंच. पण कारखानाच काठावर, त्यामुळे @टनभाडे यांचे अडीचशे टिपर गायब. धक्क्यावरून पट्टा सरळ यार्डात. आणि आयात असल्याने देशातल्या खाणबंदीचा झटका तेवढा बसत नाही. गोव्यात काम थांबलं तेव्हा तिथल्या काही बार्जेस इकडे आल्या, त्यातून एक गोष्ट कळली.

चिंचोळी

कोणती? गोव्याची बार्ज सरळ समुद्रातून रायगडला आणता येते?

धरमतर

नुसत्या अंतर्देशीय नोंदणीवर नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखालचं प्रमाणपत्र नदी, खाडी आणि ठरवून दिलेल्या हद्दीपुरतं. किनाऱ्याने माल न्यायचा तर नदी-सागरी जहाजाच्या वर्गात बसावं लागतं. त्याचे चार प्रकार आहेत, प्रत्येकाला लाटांची आणि किनाऱ्यापासूनच्या अंतराची वेगळी मर्यादा. जुन्या बार्जेत अडतं ते असं: खणाला पाणी अडवणारी झाकणं नाहीत, पुढचा भाग बुटका म्हणून लाट डेकवर येते, लांबीच्या मानाने खोली कमी असल्याने लाटेवर मधे वाकते, आणि तळाचे पत्रे गोड्या-खाऱ्या पाण्यात झिजलेले. जाडी मोजून घेतली की निम्मा उत्साह तिथेच मावळतो. एकदाच रिकामी हलवायची असेल तर हवामान बघून, खण झाकून, टगच्या (ओढणाऱ्या बोटीच्या) मागे, एका फेरीच्या परवानगीवर आणतात. नेहमीची फेरी करायची तर पुढचा भाग वाढवणं, झाकणं, जादा पंप आणि सागरी पात्रतेचे कर्मचारी एवढा खर्च धरा, आणि तो धरल्यावर नवी बांधणं किती महाग पडतं ते शेजारी लिहून बघा. इकडे बहुतेकांनी नवीच बांधली.